दाजी, तुमचं अजून झालं न्हाई?

रविवारचा दिवस. पांढऱ्या रश्श्यासाठी नारळ फोडायला घेतला आणि कोयता नारळाऐवजी माझ्या डाव्या हाताच्या बोटावर बसला. बायको धावत आली. "अगं बाई! खोबऱ्यात रक्त पडलं काय?"

खोबरं वाचलंय याची खात्री झाल्यावर तिनं माझ्या बोटाला पंचा गुंडाळला आणि मला तिच्या भावाच्या गाडीवर बसवून दिलं. मेहुणा नुकताच दोन प्लेट मिसळ हाणून आला होता, वर कट जादा मागून.

कॅज्युअल्टीत सिस्टरनं पंचा सोडला, बोट हलवायला लावलं, पट्टी घट्ट बांधली. "हात वर धरून बसा."

बसा म्हणजे कुठं? कोल्हापुरात पेशंट एकटा येत नाही, मागनं अख्खी तालीम येते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. जो उभा दिसेल तो पेशंट, एवढं मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं.

तास गेला. माझ्यानंतर आलेले तिघं आत गेले. मग मी ओळख काढली. आपल्या गावात दोन फोनच्या आत कुणाचा तरी पावणा निघतोच. निघाला, वॉर्डातला मामा. त्यानं मोठ्या आपुलकीनं बोट बघितलं आणि मला पाणी आणून दिलं.

शेवटी एका शिकाऊ डॉक्टरलाच गाठलं. पोरगं गुणी होतं. "काका, इथं नंबरानं घेत नाहीत, कुणाच्या जिवावर बेतलंय ते बघून घेतात. लाल, पिवळा, हिरवा. तुम्ही हिरवे. बोट काही तासांनी शिवलं तरी चालतं." ही पद्धत म्हणे नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरी नावाच्या सर्जननं पाडली. हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. जिथं नेपोलियनच्या सरदारांचा वशिला चालला नाही, तिथं मंगळवार पेठेचा काय चालणार! पण खरं सांगतो, हिरवा म्हटल्यावर मनाला लागलं. जगात भारी म्हणवणाऱ्या गावातला माणूस, आणि जखम शेवटच्या नंबरची?

तेवढ्यात मेहुणा छाती चोळत म्हणाला, "दाजी, हितं जळजळाय लागलंय."

एवढंच बोलला. सिस्टरचे कान टवकारले. छातीत दुखतंय म्हटलं की दहा मिनिटांत ईसीजी व्हायला पाहिजे असा नियम आहे. याचा पाचात झाला. पडदा, पलंग, बीपी, डोक्याशी डॉक्टर. माझ्या हातात त्याच्या चपला, मोबाईल आणि गाडीची किल्ली.

"पेशंटचे नातेवाईक कोण?" आतून हाक आली.

माझा हात मघापासून वरच होता.

"या, केस पेपर काढून आणा."

त्या रांगेतही अर्धा तास गेला. ईसीजी नॉर्मल निघाला, रक्त तपासलं तेही नॉर्मल. दोष सगळा कटाचा. पातळ औषध पिऊन मेहुणा ताजातवाना बाहेर आला, चपला पायात सरकवल्या आणि माझ्या वर केलेल्या बोटाकडं बघून म्हणाला,

"दाजी, तुमचं अजून झालं न्हाई? मटण निवल की."