माणसाला रडवलं की उपचार झाला?

हल्ली एकाच धाटणीची जाहिरात निरनिराळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतेय. शनिवार-रविवार, शहराबाहेरचं रिसॉर्ट, सात्त्विक जेवण, आणि वर ठळक अक्षरांत ‘शरीरात साठलेला ट्रॉमा दोन दिवसांत मोकळा करा’. ट्रॉमा म्हणजे मनावर बसलेला आघात. सोबत व्हिडिओ असतो. हॉलभर चटया अंथरून माणसं आडवी झालीयत, कुणी हमसून हमसून रडतंय, कुणी हातपाय झाडतंय, आणि माइक घेतलेला माणूस ‘येऊ दे, अजून येऊ दे’ म्हणत त्यांच्यामधून फिरतोय. एका मैत्रिणीने हे मला पाठवून विचारलं, “तू ते शरीराच्या अंगाने जाणारं समुपदेशन घेतलंस ना, ते हेच का गं?”

हे ते नाही. का नाही, ते तिला फोनवर सांगितलंच, पण इथेही सविस्तर लिहितेय. असं काही करावं का, या विचारात असलेली बरीच माणसं माझ्या ओळखीत आहेत.

आधी माझ्यापुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी कसारा घाटात चढावर पुढचा कंटेनर मागे घसरत आमच्या गाडीवर आला. भाऊ गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. कंटेनर येताना दिसत होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. खांद्याजवळचं हाड मोडलं, ते जुळलं. भावाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण नंतर कुणाच्याही गाडीत पुढे बसलं की छातीत धडधड, मळमळ, घसा आवळल्यासारखा. ईसीजी झाला, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल. समुपदेशनही घेतलं. ते चांगलं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. अपघातात माझा दोष नव्हता, भावाचाही नव्हता, हे मला पटलं. अपघाताची हकिगत मी न अडखळता सांगू शकत होते. आणि तरी गाडीचं दार उघडलं की पोटात गोळा यायचा तो यायचाच.

मग शरीराच्या अंगाने उपचार करणाऱ्या ज्या मॅडमकडे गेले, त्यांनी माझी ती घोटून झालेली हकिगत मध्येच थांबवली. म्हणाल्या, “ताई, तुमच्या उजव्या पायाकडे बघता का जरा?”

बघितलं. चप्पल काढून खुर्चीत बसले होते. उजवा पंजा फरशीवर इतका दाबला होता की नखं पांढरी पडली होती, पोटरी दगडासारखी घट्ट. मी ब्रेक दाबत होते. गाडीच्या ज्या बाजूला ब्रेक नसतोच, त्या बाजूला बसून.

त्यांनी भिंतीला एक लोड टेकवून ठेवला आणि पाय त्याला लावून दाबायला सांगितलं, पण जमेल तितकं सावकाश. जोर कुठून येतोय, कुठवर जातोय, एवढंच सांगत राहायचं. पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. मांडीत बारीक थरथर सुरू झाली तसं त्या म्हणाल्या, “एवढं पुरे. आता खिडकीबाहेर काय दिसतंय सांगा.” समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कापडाच्या कडेला विटा ठेवलेल्या. ते बघता बघता एक लांबलचक जांभई आली आणि मान सैल झाली. त्या दिवशी बाकी काहीच झालं नाही. मी रडले नाही. अपघाताचं पुन्हा बोललोही नाही. असंच थोडं थोडं काही महिने चाललं. आज मी घाटात पुढच्या सीटवर बसते. पाय अजूनही कधी कधी दाबला जातो, पण आता तो दाबला जातोय हे माझं मला कळतं आणि मी तो सोडू शकते.

यामागचा विचार असा. संकट दिसलं की शरीर पळायला, झुंजायला, ढकलायला सज्ज होतं. हृदय जोरात धावतं, स्नायू ताठतात. त्यातलं काहीच करता आलं नाही तर काहींच्या बाबतीत ती तयारी धोका टळल्यावरही उतरत नाही. अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी यावर आपली पद्धत उभी केली, आणि अर्धवट राहिलेली हालचाल थोडी थोडी पुरी होऊ देणं हा तिचा गाभा आहे. तिच्यामागचा पुरावा फार मोठा आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ साली इस्रायलमध्ये ६३ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना लगेच उपचार मिळाले, त्यांची लक्षणं प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. अभ्यास आशादायक आहे, पण माणसं थोडी आहेत. त्या मानाने ईएमडीआर ही पद्धत भक्कम जागी उभी आहे. तीत त्रासदायक आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये तिची सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या विकारासाठी तिची शिफारस केली. डोळे फिरवण्याचा त्यात नेमका वाटा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे. असा वाद उघडपणे चालतो म्हणूनच मला त्या क्षेत्राचा भरवसा वाटतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते युजीन जेंडलिन यांचं काम. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आला, शिकागोत तत्त्वज्ञान शिकला आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर संशोधन करू लागला. प्रश्न साधा होता. समुपदेशनाचा काहींना गुण येतो, काहींना येत नाही, असं का? त्यांनी भेटींच्या टेप ऐकल्या. फरक थेरपिस्टच्या पद्धतीत असेल असं कुणालाही वाटेल. तो सापडला तो समोरच्या माणसाच्या बोलण्यात, आणि अगदी सुरुवातीच्या भेटींतच. ज्यांना पुढे गुण आला, ते बोलता बोलता थबकत होते. ‘म्हणजे राग नाही तसा... काय म्हणू... इथे काहीतरी अडकल्यासारखं... नाही, अडकलेलं पण नाही’, अशा तऱ्हेने आत चाचपडत, छातीपोटात जे धूसर जाणवतंय त्याच्याशी शब्द ताडून बघत. घडाघडा बोलणाऱ्यांना आणि प्रत्येक गोष्टीचं तयार स्पष्टीकरण असणाऱ्यांना फायदा कमी. जेंडलिन यांचं म्हणणं पुढे असं होतं की हे चाचपडणं शिकवता येतं.

माझ्या त्या न अडखळता सांगितलेल्या हकिगतीचं काय होत होतं, ते मला हे वाचल्यावर उमगलं.

आता त्या हॉलकडे या. पन्नास माणसं, मोठ्याने संगीत, माइकवरून हुकूम. थबकायला जागाच कुठे आहे? तिथे एकच हिशेब असतो, जेवढं जास्त बाहेर पडेल तेवढं बरं. मन म्हणजे जणू कुकर, आणि शिट्टी झाली की वाफ गेली. हा समज फार पसरलेला आहे आणि तो तपासून झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये कॉलेजच्या सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे. मुलांना मुद्दाम चिडवलं. काहींना चिडवणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर राग काढायला लावलं, काहींना व्यायाम म्हणून बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. राग काढणारे सगळ्यात जास्त चिडलेले निघाले, आणि नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक.

आणि अशा शिबिरांतला तो श्वासाचा प्रकार. तासभर जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला लावतात. मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडून वाकडी होतात, डोकं हलकं होतं. ‘बघा, ट्रॉमा बाहेर पडतोय!’ असं माइकवरून सांगतात. हे ऐकून मला खरोखर संताप येतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि त्यामुळे हे कुणालाही होतं, आयुष्यात कधी दुःख न पाहिलेल्यालाही. फिट येणारे, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर बायका यांच्यासाठी तर हे धोक्याचं आहे. नाव नोंदवताना हे कुणी विचारतं का? माझ्या मैत्रिणीने फोन करून विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, आधी पेमेंट करा, जागा भरत आल्यात.”

हा प्रकार कोणत्या थराला जाऊ शकतो याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २००० मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ देण्याच्या नावाखाली उपचार म्हणून चादरीत गुंडाळून, वर उशा दाबून, मोठी माणसं तिच्यावर रेलली. श्वास घेता येत नाही असं ती सांगत राहिली. तो प्रक्रियेचाच भाग समजला गेला. ती गुदमरून गेली. दोन्ही थेरपिस्टना सोळा सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि त्या राज्याने या प्रकारावर कायद्याने बंदी घातली. प्रत्येक शिबिरात असं होतं असं मी म्हणत नाहीये. पण ‘नको, थांबा’ या शब्दांना जिथे अडथळा समजतात, तिथली वाट त्याच दिशेची आहे.

आपल्याकडे कुणी म्हणेल, यात नवीन काय, आपल्या बायकांच्या अंगात येतंच की, घुमून मोकळ्या होतात. व्हिएडा स्कुल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा अभ्यास केला होता, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आजारी माणसाबरोबर राहायला आलेल्या आया आणि बायकाच घुमत होत्या. घरच्याचं दुखणं आपल्या अंगावर घेण्यासाठी. मला हे वाचून त्या बायकांबद्दल विलक्षण आदर वाटला आणि वाईटही वाटलं. शरीर मोकळं होतंय असं बाहेरून दिसत होतं, पण भार तिच्याच माथी होता, आणि घुमणं थांबल्यावर तिला कुणी ‘तुझं काय?’ असं विचारायला बसलेलं नव्हतं.

शांत बसून शरीराकडे लक्ष देणंही सगळ्यांना सरसकट मानवतं असं नाही. इगतपुरीला विपश्यना करून आलेल्या कितीतरी जणांना फायदा झालेला मी पाहिलाय. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, अशी सूचना विपश्यनावाले स्वतःच देतात. ज्यांच्या शरीरावर अत्याचार झालाय त्यांना डोळे मिटून आत बघायला लावलं तर आत आधी भीतीच भेटू शकते. माझ्या मॅडम डोळे उघडे ठेवायला सांगायच्या. खिडकी, कुरडया, फरशीचा गारवा, हे त्यासाठीच होतं. जरा आत, पुन्हा बाहेर.

म्हणून माझं मत असं बनलंय की या पद्धतींची परीक्षा किती बाहेर आलं यावर करूच नये. तुम्हाला ते हवं तेव्हा थांबवता येतं का, हे पाहावं. चांगल्या थेरपिस्टला ब्रेक आधी शिकवायचा असतो.

कुणाकडे जाण्याआधी विचारायला लाजू नका. तुमचं मूळ शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर केंद्र सरकारच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी आहे का? ‘ट्रॉमा हीलर’ किंवा ‘ब्रेथवर्क कोच’ ही पाटी लावायला कुठलीही नोंदणी लागत नाही. मला मध्येच त्रास वाढला तर तुम्ही काय करता? मंगळवारी रात्री झोप लागली नाही तर फोन कुणाला करायचा? अंगाला हात लावणार असाल तर दर वेळी विचारून लावता का? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नका. आणि चालू गोळ्या अशा कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, ते फक्त तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं.

खासगी फी सगळ्यांना परवडत नाही हे मला माहीत आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. फोनवर शरीराच्या अंगाने होणारे हे उपचार मिळणार नाहीत, पण ऐकणारं प्रशिक्षित माणूस मिळेल आणि पुढे कुठे जायचं ते कळेल. माझी मागणी मात्र याच्या पुढची आहे. अपघात झाला की पहिले पोचणारे १०८ ॲम्ब्युलन्सवाले, घाटात रोज गाडी चालवणारे एसटीचे चालक, जळीत वॉर्डातल्या नर्स, यांना रिसॉर्टचं पॅकेज परवडत नाही आणि त्यांनी ते घेऊही नये. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान दोन माणसं या कामात नीट तयार करा आणि ती सेवा केसपेपरच्या पैशांत द्या.