फाउंटन दाखवता, मग मशाल का नाही?

आज संध्याकाळी हुतात्मा चौकात जे बघितलं त्याने डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

चाळीसेक माणसांचा ग्रुप होता. बोलण्यावरून लातूर-नांदेडकडचे, लेकुरवाळी कुटुंबं, मुंबई बघायला आलेली. 'तीन तासांत मुंबई' छापाची टूर. सगळी मराठी माणसं आणि गाइड हिंदीत बोलतोय. त्याचं तोंड फ्लोराच्या कारंज्याकडे, पाठ हुतात्मा स्मारकाकडे. रोमन देवी, १८६४ साल, इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा दगड, सगळं नीट सांगितलं. धोतर-टोपीतले एक आजोबा मागे उभे होते. त्यांनी शेतकरी-कामगाराच्या पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "दादा, ही मशाल कुणाची हो?"

"वो वॉर मेमोरियल है बाबा. चलिए, बस खडी है."

वॉर मेमोरियल! २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या चालल्या, पंधरा माणसं गेली. चळवळ संपेपर्यंत हुतात्म्यांचा आकडा शंभराच्या वर गेला, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. आता तर खाली मेट्रो तीनचं स्टेशनही हुतात्मा चौक नावाचंच आहे. इतिहास माहीत नसला तरी निदान पाटी वाचा! आणि हे उत्तर कुणाला, तर ज्यांच्या पोरवयात ही चळवळ पेटली होती त्या माणसाला.

कारंजं देखणं आहे, मान्य. ते दाखवलंच पाहिजे. पण मशाल त्याच्या शेजारीच आहे. त्या आजोबांना खरं उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली असती.

ती दोन मिनिटं का मिळत नाहीत हेही सांगतो, कारण दोष एकट्या गाइडचा नाही. टूरची बस फोर्टात उभी करायला जागा नाही. हुतात्मा चौकात बस थांबली की मागे हॉर्न सुरू होतात, ट्रॅफिक पोलीस शिट्टी मारतो, ड्रायव्हर गाइडला फोन करतो. त्यात तीन तासांत गेटवेपासून जुहूपर्यंत सगळं कोंबलेलं. हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, नटांचे बंगले. हिशेब करा, तीन तासांतले निम्म्याहून जास्त खिडकीत बसून पेडर रोडचा ट्रॅफिक बघण्यात जातात. उरलेल्या वेळात प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, चढा. चाळीस माणसं बसमधून उतरून पुन्हा चढायलाच दहा मिनिटं खातात.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तीन तास असतील तर बस नको आणि सबंध मुंबईही नको. गेटवे ते सीएसएमटी पायी चाला, बस्स. फिरून फिरून साडेतीन-चार किलोमीटर होतात. ग्रुपचा वेग धरला तर चालण्यात दीड तास जातो, आठ थांबे दहा-दहा मिनिटांचे, उरलेली दहा मिनिटं चहा-पाण्याला. घारापुरी यात घुसडू नका, लाँचला जायलाच तासभर लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात.

आणि चाला तेही दुपारनंतर. सकाळी गर्दी नसते, हवा बरी असते, हे खरं आहे. पण फोर्टातल्या मोठ्या इमारती बघा कुठे तोंड करून उभ्या आहेत. हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर पश्चिमेकडे, कारण त्या बांधल्या तेव्हा पुढ्यात मोकळं मैदान आणि त्यापलीकडे बॅकबेचा समुद्र होता. टाउन हॉल पश्चिमेकडे, सीएसएमटीचा दर्शनी भागही पश्चिमेकडे. सकाळी या सगळ्यांवर सावली असते आणि सूर्य तुमच्या डोळ्यांत. सकाळचं ऊन फक्त ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारतींना मिळतं. दुपारनंतर चित्र उलटतं, दगड पिवळाधमक दिसतो, कोरीवकामाच्या कडा उठून येतात. सूर्यास्ताच्या तीन तास आधी निघा. म्हणजे डिसेंबरात तीनला, मेमध्ये चारला.

वार रविवारच. फोर्टातली ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, गाइडचं बोलणं ऐकू येतं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद), त्यामुळे ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी तासभर आधी निघावं. परतीच्या वेळेपर्यंत ब्लॉक साधारण उरकलेला असतो.

सगळ्यांना गेटवेच्या कठड्याच्या आत भेटायला बोलावू नका. तिथे बॅगा तपासतात, रविवारी रांग लागते, अर्धा ग्रुप आत आणि अर्धा बाहेर अशी फाटाफूट होते. रीगल सिनेमाच्या कोपऱ्यावर जमा. तो कुठल्याही टॅक्सीवाल्याला ठाऊक आहे.

गेटवेला इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांची गोष्ट पुरे. ते १९११ ला आले तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी केली होती. खरी कमान १९२४ ला खुली झाली. खारोडीचा पिवळा बेसाल्ट, ग्वाल्हेरच्या जाळ्या. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बाहेर पडली. एवढं सांगितलं की माणसं गप्प होऊन कमानीकडे पुन्हा बघतात.

मग ताज. इथे हमखास ती थाप येते, की हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि इंग्रज आर्किटेक्टने जीव दिला. साफ खोटं. ताज १९०३ ला उघडलं, गेटवेच्या आधी एकवीस वर्षं. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे. समुद्राकडची बाजू पाहुण्यांच्या खोल्यांना दिली, कारण वारा आणि नजारा तिकडे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले, पुढचं इंजिनिअर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. एक मराठी आर्किटेक्ट एवढी इमारत उभी करतो आणि टूरवर त्याचं नाव निघत नाही, नसलेल्या इंग्रजाची नसलेली आत्महत्या मात्र रोज सांगितली जाते. हे ऐकलं की माझा पारा चढतो.

तिथून म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) बाहेरूनच. आत शिरलात तर तीन तास तिथेच संपतील. कुर्ल्याचा काळपट दगड आणि मालाडचा पिवळट दगड शेजारी शेजारी कसे बसवलेत ते फाटकातून दिसतं. पुढे काळा घोडा. इथे वॉटसन्स हॉटेलचा ओतीव लोखंडाचा सांगाडा जरूर दाखवा. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा इथे लागला. इमारतीची अवस्था वाईट आहे, तेव्हा ग्रुप समोरच्या फुटपाथवर उभा करा, गॅलऱ्यांखाली नको. मग ओव्हलवरून राजाबाई टॉवर, ८५ मीटर, १८७८. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव दिलं. मैदानाच्या मधल्या पायवाटेवर थांबलात तर एका बाजूला गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, मान वळवली की झालं. २०१८ ला युनेस्कोने ही दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत घातली.

मग हुतात्मा चौक. इथे उभं कुठे राहायचं यावर सगळं ठरतं. ग्रुप अशा कोपऱ्यावर थांबवायचा की कारंजं आणि मशाल दोन्ही समोर येतील. गाइडने ऊन आपल्या तोंडावर घ्यायचं, ग्रुपच्या पाठीवर द्यायचं, नाहीतर निम्मे लोक डोळ्यांवर हात धरून उभे राहतात. आधी किल्ल्याची भिंत सांगा. इथे चर्चगेट म्हणजे कोटाचा दरवाजा होता, १८६० च्या दशकात कोट पाडला आणि त्या जागी कारंजं आलं. त्यानंतर १९५५ सांगा. चौक एकच, गोष्टी दोन, आणि दोन्ही मिळून दहा मिनिटांत बसतात. ते आजोबा पंधराच्या ग्रुपमध्ये असते तर मागे पडलेच नसते. चाळीस माणसांना स्पीकरशिवाय बोललेलं मागच्या दोन रांगांना ऐकूच जात नाही. आजोबांनी प्रश्न विचारला तोच मुळी आधीचं काही कानावर पडलं नव्हतं म्हणून असेल.

पुढे हॉर्निमन सर्कलमधून टाउन हॉलच्या पायऱ्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. तीस पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना खालीच बसू द्या. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. रविवारी तो बघता आला नाही तरी त्यांचं नाव इथेच काढा, कारण शेवटच्या थांब्याला ते पुन्हा लागतं. मग डी. एन. रोडच्या कमानींखालून चाला. पाऊस असो वा ऊन, ही सावली सलग मिळते. पावसाळ्यात तर हा टप्पा वाढवावा आणि ओव्हल गाळावं, तिथे चिखल असतो.

सीएसएमटी बघायचं ते रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या कोपऱ्यावरून. घुमटावरची 'प्रगती' बघा, एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ, एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. मग दुर्बीण काढा. लहानशी चालेल, पण गाइडच्या पिशवीत हवीच. भिंतीवर रेल्वेच्या जुन्या संचालकांचे चेहरे कोरलेत, त्यात जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेटही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, ती येण्यासाठी खटपट केलेला हा माणूस. रोज लाखो मराठी माणसं त्या चेहऱ्याखालून लोकल पकडायला पळतात. पानं, माकडं, मोर, पक्षी हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. बारीक नक्षीला पोरबंदरचा दगड घेतला, कारण तो मऊ, छिन्नीला ऐकतो. कुर्ल्याचा बेसाल्ट भार सोसायला. अंधार पडला की दिवे लागतात, आणि ग्रुप थेट गाडीत बसून घरी.

गाइडबद्दल आता जरा शांतपणे लिहितो. बरेच गाइड रोजंदारीवर असतात. दिवसाला तीन-तीन टूर, घसा बसलेला, वरून दुकानात ग्रुप नेला तर कमिशन, नाही नेला तर कंपनीची बोलणी. अशा माणसाकडून १९५५ ची अपेक्षा करताना त्याला पैसे नीट देणंही आपलंच काम आहे. आज चौकात होता तो पोरगा पंचविशीचा असेल. त्याला ते कुणी शिकवलंच नसणार.

पण मग शिकवायचं कुणी? आणि मागायचं कुणी? मराठी माणूस मुंबईत टूर घेताना 'मराठीत सांगाल का?' हे विचारायला लाजतो, हे मला खरंच सहन होत नाही. जपानी पाहुण्याला जपानी बोलणारा गाइड मिळतो, फ्रेंचांना फ्रेंच. लातूरच्या आजोबांना त्यांच्याच राजधानीत हिंदी? सगळ्यांना एकच भाषा सोयीची पडते म्हणाल, तर त्या ग्रुपमध्ये अमराठी कोण होतं? कुणीच नाही.

तेव्हा गावाकडून कुणी येणार असेल तर बुक करण्याआधी फोनवर हे विचारा. ग्रुपमध्ये किती माणसं? पंधराच्या वर असतील तर कानात लावायचे रिसीव्हर देता का? मराठीत सांगणारा गाइड आहे का, आणि त्याच्याकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का? किती चालायचं, बसायला कुठे मिळेल, टॉयलेट कुठे? (सीएसएमटी आणि चर्चगेट स्टेशनवर आहे, रविवारी मधल्या टप्प्यात हॉटेलवाल्याला विनंती करावी लागते, म्हणून चहा तिथेच घ्या.) हुतात्मा चौकात थांबता का, की बसमधूनच दाखवता? आणि वाटेत कुठल्या दुकानात नेणार आहात का? याला 'हो, फक्त दहा मिनिटं' असं उत्तर आलं तर तिथेच नाही म्हणा आणि दुसरा शोधा.