नाडीपरीक्षा

गेल्या रविवारी दुपारी माझ्यावर एक नाडी चोरल्याचा आरोप झाला. तो माझी आई, पत्नी, दोन मुले, मेहुणा आणि ओल्या अंगाने कणसे खात उभे असलेले वीस-पंचवीस अनोळखी लोक यांच्या समक्ष झाला, आणि त्यापैकी एकानेही माझी बाजू घेतली नाही, म्हणून हा लेख लिहिण्याची वेळ आली आहे.

आम्ही वास्तविक निघालो होतो नळदुर्गचा धबधबा पाहायला. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने सुमारे 45 किलोमीटरवर बोरी नदी अडवून आदिलशाहीत बांधलेला बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून बंधाऱ्यावरून वाहू लागली, की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभ्या असलेल्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो. यातल्या ‘भरून वाहू लागली, की’ या शब्दांकडे आमचे दुर्लक्ष झाले, कारण मेहुण्याच्या मोबाईलमध्ये एक चित्रफीत होती आणि ती कोणत्या वर्षीच्या कोणत्या महिन्यातली आहे हे त्याला कोणीच विचारले नव्हते. प्रत्यक्षात नरही कोरडा होता आणि मादीही कोरडी होती. “दोघांचं भांडण झालेलं दिसतंय,” एवढेच आई म्हणाली आणि सावली शोधू लागली.

मुलांनी मात्र पोहण्याचे चष्मे सोलापूरलाच डोळ्यांवर चढवले होते. त्यामुळे परतीच्या वाटेवर ‘कृषी पर्यटन व जलविहार’ अशी पाटी दिसताच गाडी आपोआप वळली. आत एक निळा हौद होता आणि त्यावर सिमेंटचे खडक रचून केलेला धबधबा होता. तो विजेच्या पंपावर चालत असे आणि वीज गेली की थांबत असे. माणशी 300 रुपये तिकीट होते. पाण्यात न उतरता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहणार असलेल्या माझ्या आईलाही ते पूर्ण भरावे लागले, आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बंदी असल्यामुळे तिने पहाटे उठून बांधलेली कडक भाकरी व शेंगाचटणी गाडीतच राहिली. हे मी विनोदाने सांगत नाही.

हौदाच्या तोंडाशी विशीतल्या एका तरुणाने मला अडवले.

“काका, कॉटन चालत न्हाई. नायलॉनच पायजे.”

कापसाचे तंतू फिल्टरमध्ये अडकतात आणि कपड्यांचा रंग पाण्यात उतरतो, असे त्याने समजावून सांगितले. ते खरे आहे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु ज्या शहराच्या सुती चादरी आणि टॉवेल देशभर नावाजले जातात, त्या शहरातल्या माणसाला कापूस घालून पाण्यात उतरू नकोस असे सांगितले जाते, तेव्हा मनाला कुठेतरी लागते. त्यातून आमचा टॉवेलही घरीच राहिला होता. सोलापूरकराने 30 रुपये मोजून टॉवेल भाड्याने घेतला, ही गोष्ट कृपया आपल्यातच राहू द्यावी.

भाड्याच्या चड्डीचे 50 रुपये आणि अनामत 100 रुपये. तरुणाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, मध्यभागी नजर थोडी अधिक वेळ थांबवली आणि ढिगातून मोरपंखी रंगाची, पिवळी फुले असलेली एक वस्तू ओढून काढली. ती मला होईल की नाही, या प्रश्नाला त्याने “पाण्यात सैल होती” असे उत्तर दिले. ती झाली नाही आणि सैलही झाली नाही. पाऊण तास मी हौदाच्या कडेला गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून काढला, कारण बाहेर येणे मला आणि इतरांनाही सोयीचे नव्हते.

चड्डी परत करताना तरुणाने ती उलटी केली, कमरपट्ट्यातून बोट फिरवले आणि जाहीर केले, “नाडी न्हाई. 50 रुपये कापले.”

नाडी मुळातच नव्हती, असे मी सांगितले. ती असती तर मी तिचा उपयोग केला असता, कारण सगळा वेळ माझा एक हात कमरेवरच होता, हेही सांगितले. इतक्यात माझ्या मागून एक आजोबा पुढे झाले. अंगात ओली बनियन, कमरेला पंचा, हातात अर्धे खाल्लेले कणीस असा त्यांचा थाट होता. (पंचा सुतीच होता, पण तो कोणालाही दिसला नाही.)

“दाखव इकडं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं गिरणीत काढली मी. कापड माझ्याशी खोटं बोलत न्हाई.”

त्यांनी कणीस माझ्या हातात दिले, चड्डी उजेडाकडे धरली, नाडीची दोन्ही भोके ताणून पाहिली, त्यातल्या एकाशी डोळा नेला आणि कमरपट्टा कानाजवळ धरून चोळला. तो कानाशी कशासाठी नेला, हे मला अजूनही कळलेले नाही. भोवती गर्दी जमली. माझ्या मुलानेही चष्मा कपाळावर सरकवून लक्ष घातले.

“हितनं नाडी गेलेली हाय,” अखेर निकाल आला. “भोकाची कड बघा, घासलेली हाय. आणि ताजी हाय.”

“आजोबा, ताजी कशावरून?”

“तुमच्या तोंडावरनं,” ते म्हणाले आणि त्यांनी कणीस परत घेतले. “उगं कशाला वाद घालूलालाव? पन्नास रुपयांसाठी माणसानं एवढं खाली येऊ नये.”

त्यावर गर्दीने माना डोलावल्या. पन्नास रुपयांसाठी खाली कोण आले होते, हा प्रश्न मी विचारणार होतो, पण पत्नी म्हणाली, “अहो, सोडा ना आता,” आणि मेहुण्याने तर आपल्या खिशातून 50 रुपये काढून तरुणाला देऊ केले. म्हणजे मी गुन्हा कबूल केल्यासारखेच झाले. मी त्या नोटेवर झडप घालून ती परत घेतली आणि त्या गडबडीत माझे उरलेले 50 रुपये मात्र मागायचे विसरलो. ते आठवले, तेव्हा तांदुळवाडी मागे पडली होती.

घरी पोहोचलो, तर नळाला पाणी येऊन गेले होते. आमच्याकडे ते काही दिवसांआड येते आणि ज्या दिवशी येते, त्या दिवशी घरात माणूस असावा लागतो. क्लोरीनने चिकटलेले केस मी अर्ध्या बादलीत धुतले.

मंगळवारी नवी पेठेत जाऊन मी 250 रुपयांची स्वतःच्या मापाची नायलॉनची चड्डी विकत घेतली. तिच्या कमरपट्ट्याला दोन भोके होती, पण नाडी नव्हती. दुकानदार म्हणाला, “साहेब, नुसती शोभेची भोकं आहेत. इलास्टिक असतं, नाडी कोण घालतंय आता?” हे वाक्य मी त्याला बिलाच्या मागे लिहून द्यायला सांगितले. त्याने आधी माझ्याकडे आणि मग पत्नीकडे पाहिले, पण लिहून दिले.

बिल सध्या गाडीत आहे. एका खेपेला डिझेल किती लागेल, ते पत्नीने मला दोनदा सांगितले आहे.