पोरांचा पिक्चर आहे म्हणून थेटरात काहीही चालतं का?

२०२४ च्या डिसेंबरपासून डोक्यात साठलंय, आज लिहूनच टाकते. मुफासा, म्हणजे लायन किंगमधल्या सिंबाच्या बाबांच्या लहानपणाची गोष्ट, बघायला गेलेलो आम्ही, मी, आई आणि माझा सात वर्षांचा भाचा, आणि मला कोणी विचारलं ना की कसा होता पिक्चर, तर मला आधी पिक्चर आठवतच नाही, आजूबाजूची माणसं आठवतात आणि डोकं फिरतं. मोठी माणसं हां. पोरं नाही.

पोरांचं आधीच सांगते, कारण लगेच म्हणतील की लहान मुलांच्या सिनेमाला शांतता हवी असेल तर घरी बघा. पोरांनी आवाज केला तर मला अजिबात राग येत नाही. रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या बघितलंय का कधी, ते २०१८ मध्ये वैभव मांगले चेटकीण होऊन परत आलं होतं ते, त्यात पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत असतात, ती आली ती आली, मागे बघ मागे बघ, आणि अख्खं नाट्यगृह हलतं. तो आवाज नाटकाच्या आतला आवाज आहे. मुफासालाही पोरं तशीच करत होती, आमच्या पुढच्या रांगेतली एक चिमुरडी पूर्णवेळ विचारत होती हा स्कार, म्हणजे लायन किंगमधला व्हिलन, आहे का, हा स्कार आहे का, आणि मस्त वाटत होतं ऐकायला, कारण ती बघत होती, तिचं डोकं चालू होतं. तिच्या शेजारी बसलेले तिचे बाबा मात्र मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होते, ब्राइटनेस फुल, आणि प्रत्येक वेळी मान वर न करता म्हणायचे, हो.

सुरुवातीला पूर येतो. छोटा मुफासा आईबाबांसोबत असतो, मिलेले नावाच्या स्वप्नातल्या देशाबद्दल गाणं चालू असतं, आणि पाण्याचा लोंढा येतो आणि पिल्लू वाहून जातं, आईबाप मागे राहतात. आमच्या मागच्या रांगेतला एक मुलगा रडायला लागला. असेल पाच-सहा वर्षांचा. हुंदका आवरत नव्हता त्याला. आणि त्याचा बाप, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत हसत म्हणतो, ए बायला, रडतोय काय, कार्टून आहे ते. शेजारचे दोघं-तिघं हसले पण. पोरगं गप्प झालं, आणि पाचेक मिनिटांनी तेच पोरगं उगाच खी खी करायला लागलं, जिथे हसण्यासारखं काहीच नव्हतं तिथे, कारण त्याला कळलं ना की इथे हसायचं असतं. माझा इतका संताप झाला ना. सिनेमा बनवणाऱ्यांनी जे करायचं ते केलं होतं, त्या पोराने जे करायला पाहिजे तेच केलं होतं, आणि या माणसाने एका वाक्यात दोन्हीची वाट लावली. आई हरवल्यावर रडायचं नाही तर कशावर रडायचं रे बाबा?

आणि मग गाणी. गाणं सुरू झालं की लोक उठतात. उठतातच. म्हणजे इंटरव्हल झाल्यासारखे, पॉपकॉर्न आणायला, बाथरूमला, फोन करायला, पायावर पाय देत, स्क्रीनच्या मधून, आणि गाणं संपलं की परत. अरे म्युझिकल आहे तो! गाण्यातच गोष्ट पुढे जाते! टाका आणि मुफासाचं ते भावाचं गाणं आहे ना, मला नेहमीच एक भाऊ हवा होता अशा अर्थाचं, त्या एका गाण्यात दोघं पिल्लांची मोठी होतात. टाका राजाचा मुलगा, त्याच्या बापाला हे वाहून आलेलं परकं पिल्लू नको असतं, तरी टाका त्याला भाऊ मानतो, आणि पुढे हाच टाका उलटतो, हाच स्कार होतो, हे आपल्याला आधीपासून माहिती असतं म्हणून ते खेळकर गाणं ऐकताना पोटात तुटतं. सगळ्या सिनेमाचा पाया तो आहे. आणि आमच्या रांगेतले एक काका बरोब्बर त्या गाण्याला बाहेर गेले, नाचोजचा ट्रे घेऊन आले, बसले आणि बायकोला विचारतात, हे कोण आता? ते लहानवाले कुठे गेले? तिने सांगितलं तर म्हणे काहीही दाखवतात, लॉजिकच नाही. लॉजिक तुम्ही बाहेर लाइनमध्ये उभे असताना झालं काका.

बाहेर पडताना सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य कुठलं, तर एवढी गाणी कशाला घालतात. हे कोण म्हणतंय? आपण! ज्यांनी जन्मभर हिंदी पिक्चरमध्ये स्वित्झर्लंडच्या बर्फात साडी नेसून नाचणारी हिरॉईन बघितली आणि एक प्रश्न विचारला नाही. आणि आपल्याकडे तर त्याच्याही आधीपासून, अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं, सौभद्र १८८२ चं, लोक एकेका पदाला वन्समोअर देऊन रात्र रात्र बसायचे, गोष्ट थांबली तरी चालेल पण पद परत म्हणा. त्या मातीतली माणसं दीड-दोन तासांच्या सिनेमात पाच-सहा गाणी आली तर कंटाळतात? कंटाळत नाहीत हो. ऐकतच नाहीत. कारण आधीच ठरवून आलेत की हे आपल्यासाठी नाही, पोराला घेऊन आलोय, पोराचं झालं की घरी जायचं.

यात अजून एक प्रकार म्हणजे ऑनलाइन शहाणे. त्याच २०२४ च्या २९ नोव्हेंबरला मोआना २ हा पिक्चर आला होता, तेव्हा सगळ्यांचं रडगाणं काय, तर लिन-मॅन्युएल मिरांडा नाहीये, पहिल्या भागाची गाणी त्याची होती, आता ॲबिगेल बार्लो आणि एमिली बेअरची आहेत, तोंडात बसत नाहीत. बरं. तीन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, मुफासा आला, ज्याची गाणी मिरांडाचीच आहेत, तर हीच माणसं म्हणतात मिरांडा सगळीकडे एकसारखंच लिहितो, १९९४ च्या लायन किंगसारखं काहीच नाही. अरे त्या गाण्यांना तीस वर्षं झाली, एल्टन जॉन आणि टिम राइसची गाणी आहेत ती, ऑस्कर मिळालाय, आपण लहानपणापासून ऐकतोय, टीव्हीवर, कॅसेटवर, शाळेच्या गॅदरिंगला. नवीन गाणं एकदा ऐकलं, तेही अर्धं, तेही शेजारच्याच्या वेफर्सच्या आवाजात, आणि लगेच निकाल? मॅड्स मिकेलसनने किरोस म्हणजे तो पांढरा सिंह केलाय, त्याचं बाय बाय गाणं मलाही नाही आवडलं, व्हिलनची भीती वाटायच्या ऐवजी तो हलकाच होऊन जातो, हे मी म्हणू शकते कारण मी ते बसून ऐकलंय. ऐका आणि मग शिव्या घाला ना, माझं काही म्हणणं नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर तर एका दादाने पहिल्याच वीकेंडला टाकलं, फ्लॉप आहे, अमेरिकेत त्याच वेळी आलेल्या सॉनिक ३ या पिक्चरने खाल्लं, पैसे वाया घालवू नका. बघितला नव्हता त्याने. पहिल्या वीकेंडला सॉनिक पुढे होता हे खरंच आहे, पण जानेवारीच्या पहिल्या वीकेंडला तिथे मुफासा एक नंबरवर आला, कारण सुट्टीत घरच्या घरी लोक एकमेकांना सांगत गेले की जा, बघा. ते ग्रुपवर कोणी टाकलं नाही. मी टाकलं तर दादाचा अंगठा. आणि पैसे वाया म्हणजे काय, माझा भाचा दोन महिने झाले मुफासा मुफासा खेळतोय, उशीवरून उड्या मारून आईची कंबर मोडायची वेळ आली, याचा हिशोब कुठल्या कलेक्शनमध्ये धरायचा?

आता शाहरुख. आवाज त्याचा आहे हिंदीत, मोठ्या मुफासाचा, छोट्या मुफासाचा अबरामचा, सिंबाचा आर्यनचा, मान्य, लोक त्यासाठी येतात, येऊ देत. पण त्याचा पहिला डायलॉग आला आणि हॉलमध्ये फोन वर! पोरांच्या डोक्यावरून हात लांब करून रेकॉर्डिंग, स्टोरीला टाकायला. माझ्या भाच्याला अर्धा स्क्रीन दिसेना, तो सीटवर गुडघे टेकून उभा राहिला तर मागचे म्हणतात बाळा खाली बस. म्हणजे सात वर्षांच्या पोराने खाली बसायचं आणि पस्तिशीच्या माणसाने फोन धरून ठेवायचा. मी म्हटलं, दादा, फोन खाली घ्या ना प्लीज, पोरांना दिसत नाहीये. तर म्हणे मॅडम पोरांचा पिक्चर आहे, एवढं काय सिरियस होता. थेटरात सिनेमा असा शूट करणं गुन्हा आहे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात कमीत कमी तीन महिने जेल आणि तीन लाख दंड आहे, तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते शिक्षा. ते मी सांगितलं, तर तो हसला. आणि डोअरकीपरला बोलवायला गेले तर तो म्हणतो ताई सगळेच करतात, कोणाकोणाला बोलू. तिकिटाचे पैसे मात्र सगळ्यांकडून घेता ना, बरोबर मोजून?

आणि हे एआयवाले. इंटरव्हलला मागे चर्चा, हे काय रे आता सगळं एआयने होतं, बटण दाबलं की सिंह तयार. असं तोंड उचलून बोलतात. सिंहिणीच्या अंगावरून पाणी निथळताना केस कसे चिकटतात, बर्फात चालताना पंजा कसा रुततो, हे बसून एकेक करणारी माणसं आहेत. एमपीसी नावाच्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या कंपनीने केलंय हे काम, त्यांचा मोठा स्टुडिओ आपल्या बेंगळुरूत होता, क्रेडिट्समध्ये आपल्याकडची नावंच नावं. ती कोण वाचणार, नावं सुरू झाली की लाइट लागतात, झाडूवाले आत येतात, लोक जॅकेट घालत स्क्रीनसमोर उभे. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांची मूळ कंपनी टेक्निकलर कोसळली. जगभर लोक रस्त्यावर आले, इथलेही. ज्या पोरांनी हे सिंह केले त्यांच्या नोकऱ्या गेल्या सिनेमा येऊन दोन-अडीच महिने झाले नाहीत तर, आणि मागच्या आठवड्यात ऑफिसात एक जण मला चहा पिता पिता परत तेच सांगतो, कार्टूनला कसली मेहनत, कॉम्प्युटर करतो. मी तिथेच त्याला झाडला. मग बाकीचे म्हणतात तू उगाच पर्सनली घेतेस. घेते. का नको घेऊ?

शेवटचं, आणि हे प्रेक्षकांवर नाही, कंपनीवर आहे, पण मूळ तेच आहे की पोरांचं आहे, चालवून घेतील. मुफासा आपल्याकडे इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. तेलुगूला महेश बाबूचा आवाज. मराठी? नाही. बरं हिंदीत टिमॉन कोण, श्रेयस तळपदे. रफिकी कोण, जो अख्खी गोष्ट सांगतो तो, मकरंद देशपांडे. दोघं मराठी माणसं माइकसमोर उभी होती! माझा भाचा मराठी शाळेत आहे, गावाकडे राहतो, त्याला हिंदी निम्मंअर्धं कळतं, गाण्यातलं तर काहीच नाही, त्यामुळे पूर्ण सिनेमाभर मी त्याच्या कानात हळू आवाजात सांगत होते, तो म्हणतो आता काय म्हणाला, आता का रुसला, आणि पुढच्या एक बाई वळून मला म्हणतात, जरा शांत बसता का, आम्हाला डिस्टर्ब होतंय. त्याच बाई ज्यांनी शाहरुखच्या एंट्रीला फोन वर धरला होता.

आपण मागत नाही म्हणून मिळत नाही, हेही आहे. तेलुगू लोक मागतात, गर्दी करतात. आपण हिंदीत चालवून घेतो आणि वर म्हणतो पोरांना काय कळतंय. सगळं कळतं त्यांना. पुढचा असा कुठलाही सिनेमा आला की तिकीट काढायच्या आधी त्या कंपनीच्या पेजवर जाऊन मराठीत का नाही एवढं एकच विचारा, रोज विचारा, मी तर विचारणारच आहे. आणि गाणं लागलं की बसून राहा जागेवर, नाचोज कुठे पळून जात नाहीत.