आठ जणींची नाव

११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून भारतीय सैन्यदलांच्या दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, तेव्हा मायदेशातल्या माझ्या परिचितांमध्ये मोठी चर्चा झाली. अभिमान सर्वांनाच होता. पण स्त्री-पुरुष समानता मानायची तर स्त्रियांची नौका वेगळी कशासाठी, असा प्रश्न काहींनी आग्रहाने मांडला. हा प्रश्न मला गैर वाटत नाही. सिडनीच्या बंदरात केवळ स्त्रियांच्या एका हौशी चमूतून तीन उन्हाळे शर्यती केल्यावर त्याचे जे उत्तर मला मिळाले, ते मात्र समानतेच्या तत्त्वचर्चेतून आलेले नाही.

आमची नाव ३८ फुटांची क्रूझिंग यॉट आहे, म्हणजे मुळात शर्यतीसाठी बांधलेलीच नव्हे. तिच्या पोटात झोपायच्या जागा, शेगडी, पाण्याच्या टाक्या आणि डिझेल इंजिन आहे, नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, साखळीसह जड नांगर आहे. अशा नावेला हलक्या शर्यती नौकांच्या बरोबरीने उतरता येते, ते हॅंडिकॅपच्या पद्धतीमुळे : प्रत्येक नावेला तिच्या वेगक्षमतेनुसार एक गुणक दिलेला असतो, शर्यतीला लागलेल्या वेळेला त्याने गुणले जाते आणि त्या हिशेबी वेळेवर निकाल लागतो. आम्ही आठ जणी आहोत. सर्वांत धाकटी सत्तावीस वर्षांची, सर्वांत मोठी त्रेसष्ट वर्षांची, आणि नौकानयनावर पोट असलेली एकही नाही.

त्याआधी दोन हंगाम मी एका मिश्र चमूत होते. तिथे मला कोणी कमी लेखले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढच्या शिडाचा दोर सांभाळण्याचे काम माझ्याकडे असे. परंतु वारा वाढला, की कोणीतरी अधिक अनुभवी पुरुष अगदी सौजन्याने माझी जागा घेई, आणि मीही ती निमूटपणे देई. ज्याच्यापाशी अनुभव होता त्याचाच अनुभव अशाने वाढत गेला, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात त्या दोराला किती ओढ बसते, हे दोन वर्षांत माझ्या हातांना कळलेच नाही. आठ जणींच्या नावेवर जागा घ्यायला दुसरे कोणी नसते. सुकाणू, नाळ, मुख्य शीड, नकाशा, बंद पडलेले इंजिन, सारे आपल्यातल्याच कोणीतरी पाहायचे असते.

शक्तीचा मुद्दा नेहमी काढला जातो. भरल्या वाऱ्यात त्या दोरावरचा ताण खरोखरच मोठा असतो. पण वळण घेताना शिडात वारा भरण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत दोर झपाट्याने ओढून घेतला, तर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या हातरहाटावर, फिरवायला थोडाच उरतो. तो क्षण चुकला, तर सुकाणूवरची बाई नाव किंचित वाऱ्याकडे वळवते, ताण उतरतो, आणि उरलेला दोर आत येतो. दोघींचा मेळ इथे दंडाच्या बळाइतकाच कामाला येतो, आणि तो केवळ सरावाने जमतो.

सिडनीत उन्हाळ्याच्या दिवसांत ईशान्येचा वारा वाहत असताना काही मिनिटांतच दक्षिणेकडून थंड, जोरकस वारा येऊन थडकतो. मागच्या हंगामात असाच वारा आला, तेव्हा मुख्य शीड लहान करण्याचा दोर अडकला आणि डोलकाठीपाशी उभ्या असलेल्या दोघींना तो बराच वेळ सुटेना. समोरून प्रवासी फेरीबोट येत होती. हिऱ्याच्या आकाराची नारिंगी खूण लावलेल्या फेरीबोटीला या बंदरात शिडाच्या नावेनेही वाट द्यावी लागते. आमच्या स्किपरने, म्हणजे नावेच्या प्रमुख बाईने, शीड पूर्ण उतरवायला सांगितले, इंजिन चालू केले आणि शर्यत सोडली. मायदेशी हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला तो ‘मग नंबर कितवा?’ हाच. त्या दिवशी मला जे शिकायला मिळाले, त्यात ‘आता थांबायचे’ हा निर्णय एका स्त्रीने घेतला आणि सात जणींनी तो क्षणात अमलात आणला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

इथेही हे सारे सहज घडलेले नाही. सिडनीपासून टास्मानियातल्या होबार्टपर्यंतची सिडनी–होबार्ट शर्यत १९४५ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तीत स्त्रिया होत्या, पण केवळ स्त्रियांचा चमू उतरायला १९७५ साल उजाडावे लागले. ब्रिटनच्या ट्रेसी एडवर्ड्‌स यांनी १९८९–९० च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीसाठी ‘मेडन’ ही ५८ फुटी जुनी नाव घेतली, ती घर गहाण टाकून. त्या चमूने आपल्या वर्गात दोन टप्पे जिंकले आणि अखेरीस त्याच वर्गात दुसरा क्रमांक मिळवला. भारतात याउलट घडले. ‘तारिणी’ ही नौदलाची शिडाची नौका गोव्यात बांधली गेली, आणि २०१७–१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तीतून २५४ दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम करून आल्या, तेव्हा नाव, प्रशिक्षण आणि वेळ हे सारे त्यांना संस्थेने दिले होते. त्या सहांपैकी पायल गुप्ता पुढे ‘मेडन’वर गेल्या, आणि २०२४ मध्ये त्याच जुन्या नावेने, केवळ स्त्रियांच्या चमूसह, ओशन ग्लोब रेस ही जगप्रदक्षिणा शर्यत हॅंडिकॅपवर जिंकली. सरकारी पाठबळाला परदेशात राहून नाके मुरडणे म्हणूनच मला अप्रामाणिक वाटते.

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे समुद्रावरची स्त्री बातमीत येते ती अधिकारी म्हणून, पहिली म्हणून किंवा विजेती म्हणून. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्यातून एक संध्याकाळ शिडाचा दोर हाती घेणारी, मधल्या क्रमांकावर येणारी चाळिशीतली बाई आपल्या कल्पनेतच नाही. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. पावसाळा वगळला तर वाराही मिळतो. सिडनीत मला स्वतःची नाव घ्यावी लागली नाही, कारण नावेच्या मालकांना शर्यतीसाठी हात हवेच असतात आणि क्लब नवख्यांची त्यांच्याशी गाठ घालून देतात. मुंबईतल्या क्लबांनी आठवड्यातली एक शर्यत साध्या क्रूझिंग नावांसाठी हॅंडिकॅपवर ठेवावी, तीत केवळ स्त्रियांच्या चमूंनाही जागा द्यावी, आणि त्यासाठी आधीचा अनुभव मागू नये, एवढे तरी येत्या हंगामापासून करता येण्यासारखे आहे.