कल्हईचा उल्लेख हवा होता
पितळी पातेल्यात शिजवलेल्या वरणाची चव लेखात मनापासून वर्णिली आहे आणि ती खरीही आहे. मात्र कल्हईबद्दल, म्हणजे भांड्याला आतून दिलेल्या कथलाच्या थराबद्दल, एक शब्दही नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेल्या माझ्या पातेल्याची कल्हई सहा महिन्यांतच तळाशी उडून पिवळा धातू दिसू लागला, कारण फोडणीसाठी मी ते रिकामेच मोठ्या आचेवर तापवत असे, आणि कल्हई म्हणजे कथील, जे २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते. चिंच-कोकमाची आमटी तर कल्हई उडालेल्या भांड्यात मुळीच करू नये. ती हमखास कळकते, म्हणजे पितळेच्या संपर्काने खराब होते. आतून तारेची घासणी कटाक्षाने टाळावी; बाहेरून चिंच आणि मीठ पुरेसे होते.