नापास झालेला बिल गेट्स तुम्हाला भेटला कुठे?

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. त्या वेळेला ताईचा फोन म्हणजे एकतर कुणी गेलेलं असतं, नाहीतर कुणी पडलेलं असतं. निघालं भलतंच. भाच्याचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय हे मला आधीच माहीत होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एम-थ्री राहणं ही काही बातमी नाही, आमच्या बॅचमध्ये निम्म्या वर्गाचा राहिला होता. बातमी अशी की साहेब आता केटीचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यायचा, फॉर्मच भरणार नाहीत, कॉलेजच सोडणार आहेत. "बिल गेट्सपण नापासच झाला होता," असं ताटावर बसून आईला ऐकवून झालं होतं.

हे ज्ञान आलं फॅमिली ग्रुपवरून. ताईच्या सासरच्या एका काकांनी शुभ सकाळच्या गुलाबांखाली हा मेसेज चिकटवला होता. तुमच्याकडेही आला असेल, दर दोन-तीन महिन्यांनी तो नव्यानं उगवतो. लांबण खूप आहे, त्यामुळे सार सांगते. गेट्स परीक्षेत नापास झाला आणि त्याचा मित्र सगळ्या विषयांत पास झाला; आज मित्र मायक्रोसॉफ्टमध्ये इंजिनिअर आहे आणि गेट्स मालक. शिक्षणात काही अर्थ नाही हे ओळखून त्यानं हार्वर्डला लाथ मारली. गरीब घरचा मुलगा, गॅरेजमध्ये कंपनी काढली. पन्नास हजारांत कुणाचंतरी विंडोज विकत घेतलं आणि जगाला विकलं. शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य: 'गरीब जन्मलात ही तुमची चूक नाही, पण गरीब मेलात तर ती तुमचीच चूक.' आणि तळाला, 'मुलांना डिग्रीमागे पळवू नका. पटलं तर पुढे पाठवा.'

काकांना पटलं. काकांची स्वतःची दोन्ही मुलं एम.टेक. आहेत, पण ते असो.

आधी तो नापासाचा मुद्दा घेते, कारण आमच्या घरात आग त्यानंच लावली. अमेरिकेत कॉलेजात जायच्या आधी सॅट नावाची परीक्षा देतात. गेट्सला तिच्यात १६०० पैकी १५९० मिळाले होते. दहा मार्क गेले म्हणून त्याला नापास म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. १९७३ साली तो हार्वर्डला गेला आणि पहिल्याच वर्षी गणिताचा तिथला सगळ्यात अवघड समजला जाणारा कोर्स घेतला. आपल्यापेक्षाही गणितात तरबेज पोरं आहेत हे त्याला कळलं ते त्या वर्गात. धक्का बसला असेल, पण त्याला केटी म्हणत नाहीत.

तिथलाच एक किस्सा सांगते, कारण तो मला फार आवडतो. समजा घावनांची चवड आहे, लहानमोठी कशीही एकावर एक पडलेली. तुमच्या हातात फक्त उलथनं. ते चवडीत कुठेही घालायचं आणि वरची सगळी घावनं एकदम पालथी करायची, एवढंच करायला परवानगी. सगळ्यात मोठं खाली आणि सगळ्यात लहान वर यायला जास्तीत जास्त किती वेळा उलथावं लागेल? हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी हे कोडं वर्गात घातलं. गेट्सनं त्यावर एक रीत शोधून काढली आणि पुढे ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ या संगणकशास्त्रज्ञाबरोबर तिचा शोधनिबंध १९७९ साली छापून आला. त्याहून चांगली रीत सापडायला जवळजवळ तीस वर्षं लागली. तर हा आमचा 'नापास' विद्यार्थी.

आता तो पास झालेला मित्र. असा एक मित्र खरंच होता. स्टीव्ह बामर, हार्वर्डच्या वसतिगृहात गेट्सच्याच मजल्यावर राहणारा. तो व्यवस्थित अभ्यास करून पदवी घेऊन बाहेर पडला आणि १९८० साली मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला लागला. मेसेजप्रमाणे आज तो कुठेतरी कोपऱ्यात बसून कोड लिहीत असायला हवा. प्रत्यक्षात २००० साली गेट्स ज्या खुर्चीतून उठला तिच्यात तोच बसला, चौदा वर्षं कंपनी चालवली, आणि २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या श्रीमंतांच्या यादीत गेट्सच्याही पुढे गेला. (गेट्सनं पुष्कळ पैसा दान केलाय हेही त्यामागे आहे, मान्य.) म्हणजे मेसेजमधला विनोद जसाच्या तसा उलटा करून वाचला तर सत्याच्या जरा जवळ जातो.

हार्वर्डला लाथ. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं, कारण पदवी त्यानं पुरी केली नाही हे खरंच आहे. त्याचा भागीदार पॉल ॲलननंही कॉलेज अर्धवटच सोडलं होतं. पण सोडलं कसं, ते बघा. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा छोटा कॉम्प्युटर झळकला. तो बनवणारी कंपनी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची. गेट्सनं हॉस्टेलमधून तिथे फोन लावला आणि तुमच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर देतो म्हणाला. पलीकडून उत्तर आलं की आमचीच तयारी झालेली नाही, महिन्यानं या. बरंच झालं, कारण सॉफ्टवेअरची एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. मग दोघं रात्रंदिवस बसले. गंमत म्हणजे अल्टेअर त्यांच्याकडे नव्हताच. ॲलननं हार्वर्डच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरच्या चिपची नक्कल उभी केली, तिच्यावर गेट्सनं बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा अल्टेअरसाठी तयार केली, आणि आकडेमोडीचा अवघड भाग माँटी डेव्हिडॉफ नावाच्या आणखी एका हार्वर्डच्या विद्यार्थ्यानं केला. ॲलन अल्बुकर्कीला निघाला तेव्हा विमान उतरायला लागलं आणि त्याला आठवलं की टेपवरचा प्रोग्रॅम मशीनमध्ये चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा राहूनच गेलाय. तो त्यानं विमानातच कागदावर लिहिला. दुसऱ्या दिवशी मशीनला दोन अधिक दोन किती म्हणून विचारलं आणि चार छापून आले.

वीस वर्षं कोड लिहिण्यात गेली माझी. मशीन समोर नसताना लिहिलेलं पहिल्या फटक्यात चालणं म्हणजे काय हे मला विचारा. आमच्याकडे टेस्ट सर्व्हरवर मख्खन चालणारी गोष्ट क्लायंटसमोर हटकून आडवी होते.

आता यात हार्वर्डला लाथ कुठे बसली? ज्या मशीनवर हे सगळं झालं तेच मुळी हार्वर्डचं होतं, आणि त्यावर धंद्याचं काम केलं म्हणून चौकशीही झाली. शिवाय तो एका फटक्यात बाहेर पडला नाही. रजा काढली, मध्ये परत येऊन वर्गात बसला, काम इतकं वाढलं की दोन्ही जमेना, मग कायमचा गेला. हातात गिऱ्हाईक होतं, माल विकला जात होता, आणि परतीची वाट उघडी होती. एम-थ्रीचा पेपर अवघड गेला म्हणून सोडणं ही निराळी गोष्ट आहे, बाळा.

या सगळ्यावर स्वतः गेट्स काय म्हणतो हे कुणाला वाचायचंच नसतं. ७ जून २००७ रोजी हार्वर्डनं त्याला मानद पदवी दिली, तेव्हाचं त्याचं भाषण मिळवून वाचा, नेटवर सगळं आहे. वरचा फोनचा किस्सा त्यातलाच. सुरुवातीलाच तो वडिलांकडे बघून म्हणतो की हे वाक्य म्हणायला मी तीस वर्षांहून जास्त थांबलोय: बाबा, मी सांगायचो ना, परत येऊन डिग्री घेईन! समोर बसलेल्या मुलांचं तो कौतुक करतो की तुम्ही सरळ रस्त्यानं पदवी मिळवलीत. स्वतःला नापासांमधला पहिला नंबर म्हणवून घेतो, आणि बामरलाही बिझनेस स्कूल सोडायला आपणच लावलं हे सांगून म्हणतो, मी वाईट संगत आहे, म्हणून तर मला निरोप समारंभाला बोलावलं. पहिल्याच दिवशी भाषण ठेवलं असतं तर आज इथे इतकी मुलं दिसली नसती. आपल्याकडच्या मेसेजवाल्यांनी बहुधा हा विनोद कुठूनतरी अर्धवट ऐकला आणि त्याचं सुभाषित केलं.

त्याच भाषणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. गेट्स म्हणे ज्या विषयांना नाव घातलं नव्हतं त्यांच्याही वर्गांत जाऊन बसायचा. आमचे चिरंजीव नाव घातलेल्या वर्गांतही बसत नाहीत, हजेरीची यादी ताईच्या मोबाइलवर येते.

गरीब घरचा मुलगा! वडील सिअ‍ॅटलमधले नावाजलेले वकील. आई बँकेच्या आणि मोठमोठ्या संस्थांच्या मंडळांवर. युनायटेड वे नावाच्या संस्थेच्या मंडळावर तिच्या शेजारी बसणारे जॉन ओपेल पुढे आयबीएम या बलाढ्य कॉम्प्युटर कंपनीचे प्रमुख झाले, आणि गेट्सचं नशीब ज्या सौद्यानं पालटलं तो आयबीएमबरोबरचाच. शाळा लेकसाइड, खासगी, महागडी. १९६८ साली त्या शाळेतल्या मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंचा बाजार भरवला आणि त्या पैशांतून शाळेला टेलिटाइप घेऊन दिला. टेलिटाइप म्हणजे टाइपरायटरसारखं धूड. पडदा वगैरे काही नाही, कागदाच्या गुंडाळीवर अक्षरं खडखडत उमटायची, आणि फोनच्या तारेवरून ते दूरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं. वेळेचं बिल चढायचं. म्हणून पोरं आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम तयार ठेवायची आणि मग लाइन जोडायची. बाजाराचे पैसे उडाल्यावर त्यांनी एका कंपनीशी सौदा केला, की आम्ही तुमच्या कॉम्प्युटरमधल्या चुका शोधून देतो, तुम्ही आम्हाला फुकट बसू द्या. तेरा वर्षांचा मुलगा रात्री-बेरात्री तिथे जाऊन बसायचा. हार्वर्डला पोचेपर्यंत त्याच्या गाठीशी कोड लिहिण्याची पाच वर्षं होती, आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजणाऱ्या यंत्रांच्या कागदी पट्ट्या वाचायचा छोटासा धंदासुद्धा करून झाला होता. १९६८ मध्ये कॉम्प्युटरला हात लावायला मिळालेली अशी शाळकरी मुलं जगात किती असतील? मेहनत त्याचीच, त्याबद्दल वाद नाही. फुटक्या खापरीतून मात्र तो वर आला नाही.

गॅरेज म्हणाल तर ते दुसऱ्यांचं, ह्युलेट-पॅकार्डवाल्यांचं आणि स्टीव्ह जॉब्सचं. मायक्रोसॉफ्ट सुरू झाली अल्बुकर्कीत, गिऱ्हाइकाच्या दाराशी, आणि १९७९ साली सिअ‍ॅटलजवळ गेली. पुढे.

पन्नास हजारांची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि ती खरी आहे याचा मला राग येतो. विकत घेतलं ते विंडोज नाही. विंडोज १९८५ साली आलं आणि ते मायक्रोसॉफ्टनंच बनवलं. घेतली ती टिम पॅटरसननं सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार हाकणारं मूळ सॉफ्टवेअर, जिची पुढे एमएस-डॉस झाली. जुलै १९८१ मध्ये तिचे सगळे हक्क ५०,००० डॉलरना घेतले (त्याआधी परवान्याचे थोडे पैसे दिले होते ते वेगळे), आणि मागे आयबीएम उभी आहे, तिच्या नव्या छोट्या कॉम्प्युटरसाठीच ही हवी आहे, हे विकणाऱ्याला सांगितलं नाही. ती कंपनी पुढे कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली. चलाखी होती, नाही म्हणत नाही. पण खरी मेख होती आयबीएमच्या करारात: हीच सिस्टीम इतर कंपन्यांना विकायचा हक्क गेट्सनं स्वतःकडे ठेवला. वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलाला कागद नीट वाचता येत होता. म्हणजे इथेही मुद्दा शिक्षणाकडेच आला की.

आता ते गरीब मरण्याचं वाक्य. गेट्स हे कुठे, कधी, कुणापुढे बोलला? इतक्या वर्षांत हा मेसेज शंभरदा आला असेल, एकातही ठिकाण नाही, तारीख नाही. उलट त्याच २००७ च्या भाषणात तो कबूल करतो की हार्वर्ड सोडताना जगातल्या भयंकर विषमतेची मला काही जाणीवच नव्हती. मग रोटाव्हायरसबद्दल सांगतो, की ज्या रोगाचं नावही मी ऐकलं नव्हतं तो दर वर्षी पाच लाख मुलं मारत होता आणि त्यातलं एकही अमेरिकेतलं नव्हतं. जुलाबानं मेलेल्या त्या दीड-दोन वर्षांच्या पोरांना तो सांगेल का, की गरीब मेलात ही तुमची चूक? गेट्सवर टीका करायला जागा भरपूर आहे, मक्तेदारीचा खटला तर जगभर गाजला. पण हे वाक्य त्याच्या गळ्यात घालू नका. आणि खरं सांगायचं तर ते कुणाच्याच गळ्यात घालू नका. ताईकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी पंचवीस वर्षं सकाळी सहाला घराबाहेर पडतात. काकांनी हे वाक्य जरा त्यांना वाचून दाखवावं.

एक गोष्ट मात्र भाच्याची बरोबर आहे, तेवढी देऊन टाकते. मी स्वतः मुलाखतींना बसते. पहिल्या चाळणीत साठ टक्के आणि 'लाइव्ह केटी नको' असा नियम असतो आणि त्यात चांगली पोरं वाया जातात. नियम मूर्ख आहे हे मी ऑफिसातही बोलते. पण तो आहे. तो बदलेपर्यंत त्या चाळणीतून जावं लागतं, आणि चाळणी चुकवून पुढे आलेला जो असतो त्याच्याकडे दाखवायला काहीतरी केलेलं असतं. भाच्याला विचारलं, तू काय केलंयस, दाखव. लॅपटॉप उघडला. गेम्स निघाल्या.

रविवारी त्याला घरी बोलावलं आणि घावनं केली. पाच, मुद्दाम लहानमोठी. उलथनं हातात दिलं. सात उलथण्यांत त्यानं चवड लावली. म्हटलं, चवड कशीही असू दे, पाच घावनांना पाचच्या वर लागत नाहीत. मग ती गार होईपर्यंत बसला होता. "अगं मावशी, थांब, सांगू नकोस," म्हणाला.

केटीच्या फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. भरला म्हणतोय. पावतीचा फोटो मागितलाय, अजून आलेला नाही.